धातूंतील गोम

तापीच्या कांठीं, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत, सारंगखेडा हें गांव आहे. तेथें एकमुखी दत्ताचें देवस्थान असून मार्गशीर्षांतील दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या बाजारांत घोडा घेणारा जाणता मनुष्य नुसत्या रंगरूपावर भाळत नाहीं. तो जनावराचे दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, पळवून पाहतो. आणि एवढ्यानेंहि मन भरलें नाहीं म्हणजे अंगावरील केंसांचे भोवरे शोधूं लागतो. अमक्या जागचा भोवरा धन्यास लाभतो, तमक्या जागचा घात करतो, असें एक शास्त्रच जुन्या लोकांनीं रचून ठेवलें आहे. केंसांच्या अशा वळणास 'गोम' म्हणतात; आणि याच शब्दानें मराठी माणूस कोणत्याहि व्यवहारांत दडून बसलेल्या दोषाचाहि निर्देश करतो. 'सौदा चांगला आहे, पण त्यांत एक गोम आहे,' हें वाक्य घोडेबाजारांत जितकें सहज बोललें जातें, तितकेंच तें शहरांतील कचेरींतहि बोललें जातें.

भोवऱ्यांच्या शुभाशुभावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, त्या परीक्षेच्या मुळाशीं असलेली भावना खरी आहे. ज्याच्या पाठीवर बसून घाट उतरावयाचा आणि नदी ओलांडावयाची, त्याच्या अंगांतील दोष आधीं कळला पाहिजे, ही ती भावना होय. यंत्रयुगांत प्रवाशाचा हा हक्क त्याच्या हातून गेला. आगगाडींत बसणारा मनुष्य डब्याची चाकें तपासून बसत नाहीं, आणि विमानांत चढणाऱ्यास इंजिनाच्या पोटांत काय आहे हें पाहण्याची सोय नाहीं. आपल्या वतीनें दुसऱ्या कोणी तरी तें पाहून ठेवलें आहे, या एका भरंवशावर तो पट्टा बांधून स्वस्थ बसतो. हा भरंवसा मुंबईच्या आकाशांत एकदां कसा ढळला, याची कथा ता. १२ ऑक्टोबर १९७६ या दिवसाशीं निगडित आहे. त्या दिवशीं सांताक्रूझच्या विमानतळावरून मद्रासकडे निघालेलें इंडियन एअरलाइन्सचें एक जेट विमान इंजिन निकामी झाल्यामुळें मागें फिरलें. परंतु जमिनीवर सुखरूप उतरण्यापूर्वींच तें कोसळलें, आणि त्यांतील ९५ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं.

मुंबई-मद्रास हा हिंदुस्थानांतील नागरी विमानवाहतुकीचा अगदी आद्य मार्ग म्हणावा लागेल. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन 'पुस मॉथ' जातीचें एक-इंजिनी विमान अहमदाबादमार्गें मुंबईस आणलें आणि जुहूच्या मैदानावर उतरविलें. पुढें तेंच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेळ्ळारीमार्गें मद्रासेस पोंचविलें. त्या चिमुकल्या विमानांतील यंत्र साधें होतें. चालकाला त्याचा प्रत्येक ठोका ऐकूं येई, आणि बिघाड झालाच तर एखादें शेत पाहून उतरण्याइतकी त्याची गति बेताची होती. पुढील वीस वर्षांत हा धंदा इतका वाढला कीं १९५३ सालीं सरकारनें तो आपल्या हातीं घेतला, व देशांतर्गत वाहतुकीसाठीं इंडियन एअरलाइन्स ही संस्था निघाली. १९६४ सालीं या संस्थेनें पहिलीं जेट विमानें वापरण्यास सुरुवात केली. तीं 'कॅरव्हेल' जातीचीं होतीं. बारा वर्षांनंतर कोसळलेलें विमान याच जातीचें होतें.

कॅरव्हेल हें फ्रान्समध्यें घडलेलें विमान. त्याचें पहिलें उड्डाण ता. २७ मे १९५५ रोजीं झालें, आणि १९५९ पासून तें युरोपांत प्रवासी वाहूं लागलें. त्याच्या नाकाचा व चालककक्षाचा भाग ब्रिटिश 'कॉमेट' विमानावरून घेतलेला होता; खिडक्या मात्र कोपरे गोलावलेल्या त्रिकोणाच्या आकाराच्या होत्या, व त्यांवरून तें दुरूनहि ओळखूं येई. त्याचें मुख्य वैशिष्ट्य इंजिनांच्या जागेंत होतें. तोंवर प्रवासी जेट विमानांचीं इंजिनें पंखांत किंवा पंखांखालीं बसवीत. कॅरव्हेलमध्यें दोन्हीं इंजिनें शेपटाच्या अलीकडे, धडाच्या दोन्हीं कुशींस लगटून बसविलेलीं होतीं. त्यामुळें त्यांचा गोंगाट मागें राही, प्रवाशांस शांतता लाभे, आणि एक इंजिन बंद पडलें तरी विमान एका बाजूस फारसें ओढलें जात नसे. या सोयीस दुसरी एक बाजूहि होती. आग आणि वेग यांचें माहेरघर असें जें इंजिन, तें विमानाच्या शेपटावरील सुकाणूंच्या अगदी निकट येऊन बसलें.

जेट इंजिनाची मूळ कल्पना सोपी आहे. पुढून हवा ओढून घ्यावयाची, ती दाबून दाट करावयाची, तींत इंधन जाळावयाचें, आणि फुगलेला तप्त वायु मागें फेंकून त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें ढकलावयाचें. हवा दाबण्याचें काम एका झटक्यांत होत नाहीं. तें एकामागून एक अशा अनेक टप्प्यांनीं करावें लागतें. प्रत्येक टप्प्यास एक जाड तबकडी असते, आणि तिच्या कडेला पंख्यासारखीं पातीं बसविलेलीं असतात. या तबकड्या मिनिटास हजारों फेरे घेतात. गोफणींत घातलेला दगड जसा हाताला बाहेर ओढतो, तसें प्रत्येक पातें तबकडीला बाहेर ओढीत असतें. आणि सारी ओढ सहन करून पात्यांस धरून ठेवणें हें तबकडीच्या धातूचें काम असतें. एखादें पातें तुटलें तर इंजिनाचें कवच बहुधा त्यास आंतच अडवूं शकतें. तबकडीच फुटली तर मात्र तिचे तुकडे तोफेच्या गोळ्याप्रमाणें कवच फोडून बाहेर पडतात, आणि वाटेंत जें आडवें येईल तें कापून टाकतात.

एवढी भक्कम तबकडी फुटते कशी? धातु थकतो, हें या प्रश्नाचें उत्तर. घरांतील मुलांनींहि हा अनुभव घेतलेला असतो. तार ताणून तोडूं म्हटलें तर सहसा तुटत नाहीं. पण तीच तार एका जागीं पुनःपुन्हां वांकविली, म्हणजे थोड्या वेळानें अल्प जोरानेंहि तिचे दोन तुकडे होतात. जेट इंजिनाच्या तबकडीवर उड्डाणाच्या वेळीं ओढ येते आणि विमान उतरून इंजिन थांबलें म्हणजे ती नाहींशी होते. प्रत्येक उड्डाण हें जणूं तारेचें एक वांकणें होय. अशीं हजारों उड्डाणें झालीं म्हणजे धातूंत एखाद्या दुबळ्या जागीं केंसाहून बारीक भेग पडते. ती रोज थोडी थोडी वाढते, तरी यंत्राचा आवाज बदलत नाहीं व कांट्यांवर कांहीं दिसत नाहीं. आणि एके दिवशीं उरलेला धातु अपुरा पडून, कालपर्यंत निर्धोक असलेली वस्तु क्षणार्धांत दुभंगते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांस नवी नव्हती. ता. ८ मे १८४२ रोजीं पॅरिसनजीक व्हर्सायच्या मार्गावर आगगाडीच्या इंजिनाचा आंस तुटून पन्नासाहून अधिक माणसें जळून मेलीं. आणि धडधाकट दिसणारें लोखंड असें अचानक कां तुटतें, याचा विचार तेव्हांपासून सुरू झाला. पुढें ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्यानें रेल्वेच्या आंसांवर अनेक वर्षें प्रयोग करून असें दाखविलें कीं, एकदांच पडलेला मोठा भार जें करूं शकत नाहीं, तें पुनःपुन्हां पडणारा लहान भार करतो. विमानविद्येस हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९५४ सालीं ता. १० जानेवारीस व ता. ८ एप्रिलास दोन कॉमेट विमानें इटलीनजीकच्या समुद्रावर आकाशांतच फुटलीं. फार्नबरो येथें दुसऱ्या एका कॉमेटचें धड पाण्याच्या हौदांत ठेवून, उड्डाणांत येणारा दाब त्यावर पुनःपुन्हां देऊन पाहिला, तेव्हां धडाच्या पत्र्यास थकव्याची भेग पडून तें फाटलें. कॅरव्हेलनें कॉमेटचें नाक घेतलें, आणि त्याबरोबर हा धडाहि तिच्या पिढीच्या सर्व विमानांस मिळाला. पण धडाच्या पत्र्यांतील भेग शोधणें निराळें, आणि इंजिनाच्या पोटांत खोल फिरणाऱ्या तबकडींतील भेग शोधणें निराळें.

आतां १९७६ च्या त्या दिवसाकडे वळूं. राजकीय आणीबाणीचा तो काळ; दिवाळी दहा-अकरा दिवसांवर आलेली. उड्डाणाचा क्रमांक होता १७१. विमानांत ८९ प्रवासी व ६ कर्मचारी होते. विमानानें धावपट्टी सोडली आणि तें वर चढूं लागलें, तोंच त्याचें उजवें इंजिन निकामी झालें. दोन इंजिनांचें विमान एका इंजिनावर वर चढूं शकेल, फिरूं शकेल व उतरूं शकेल, अशा हिशोबानेंच बांधलेलें असतें. आणि या प्रसंगाचा सराव प्रत्येक वैमानिकाकडून अनेकदां करवून घेतलेला असतो. म्हणून त्या क्षणीं विमानाचें भवितव्य ठरून गेलें होतें असें मुळींच नाहीं. तळ जवळ होता, एक इंजिन शाबूत होतें, आणि मागें फिरून उतरण्याचा निर्णय हा त्या परिस्थितींत कोणाहि शहाण्या चालकानें घेतला असता असाच होता. विमान मुंबईकडे वळलें.

परंतु बंद पडलेलें इंजिन आणि फुटलेलें इंजिन यांत मोठें अंतर आहे. या इंजिनांत हवा दाबणाऱ्या दहाव्या टप्प्याच्या तबकडीस थकव्याची भेग पडलेली होती. ती तबकडी फुटली, तिनें इंजिनाचें कवच फोडलें, आणि इंधनाची नळी तोडली. तुटलेल्या नळींतून इंधन तप्त इंजिनाच्या कोठडींत सांडलें व भडकलें. चालककक्ष विमानाच्या टोंकाला, आणि इंजिन शेपटाजवळ. तेथें काय चाललें आहे हें वैमानिकांच्या डोळ्यांस दिसण्याची शक्यता नव्हती. त्यांच्या समोर फक्त कांटे आणि दिवे होते. मागें मात्र आगीनें आपला दुसरा उद्योग आरंभिला होता. जेट विमानाचीं सुकाणें हाताच्या जोरानें हलत नाहींत. नळ्यांतून खेळणाऱ्या तेलाच्या दाबानें तीं हलवावीं लागतात. या योजनेस 'हायड्रॉलिक' म्हणतात. आगीनें हें तेल खाऊन टाकलें. विमान उतरण्याच्या वाटेवर होतें, पण त्यास वळविणारी व सांवरणारी शक्ति नाहींशी झाली. तळ अगदी जवळ आलेला असतां तें ताब्याबाहेर गेलें आणि कोसळलें.

मृतांत राणी चंद्रा ही मल्याळी चित्रपटांतील अभिनेत्री आपल्या आई व बहिणींसह होती. त्याच वर्षीं के. जी. जॉर्ज यांच्या 'स्वप्नाटनम्' या चित्रपटांत तिनें प्रमुख भूमिका केली होती. आणि तिचा 'भद्रकाळी' हा तमिळ चित्रपट तिच्या पश्चात् दुसऱ्या स्त्रीस तिच्या जागीं उभें करून पुरा करावा लागला. तिचें नांव सर्वतोमुखी होतें म्हणून तें लोकांच्या स्मरणांत राहिलें. इतर प्रवाशांचीं नांवें त्यांच्या त्यांच्या घरांतील भिंतींवर, हार घातलेल्या तसबिरींखालीं राहिलीं. त्यानंतर पंधरा महिने पुरे होण्यापूर्वींच, ता. १ जानेवारी १९७८ रोजीं, एअर इंडियाचें 'सम्राट अशोक' हें बोइंग विमान मुंबईहून उड्डाण करतांच वांद्र्यापुढील समुद्रांत पडून २१३ माणसें मृत्यु पावलीं. हा दुसरा अपघात मोठा, त्याचें कारणहि निराळें. पण त्याच्या छायेंत १९७६ चा अपघात लोकांच्या विस्मृतींत गेला. अभ्यासाच्या दृष्टीनें मात्र तो विसरण्याजोगा नाहीं, कारण त्याचें रहस्य एका विमानापुरतें नाहीं.

हें पटण्यास लंडनचें एक उदाहरण पुरेसें आहे. ता. ८ एप्रिल १९६८ रोजीं ब्रिटिश ओव्हरसीज कंपनीचें बोइंग ७०७ विमान हीथ्रो तळावरून झुरिकमार्गें ऑस्ट्रेलियास जाण्यासाठीं निघालें. उड्डाणानंतर लगेच त्याच्या डावीकडील आंतल्या इंजिनांत हवा दाबणारें एक चक्र फुटलें. येथेंहि कारण धातूचा थकवाच होतें. आग लागली, इंजिन तुटून खालीं पाण्यानें भरलेल्या एका खाणींत पडलें, आणि विमान सुमारें साडेतीन मिनिटांत परत फिरून धावपट्टीवर टेकलें. विमानांतील १२७ पैकीं १२२ माणसें वांचलीं. बार्बरा जेन हॅरिसन ही २२ वर्षांची विमानसेविका शेवटपर्यंत मागील दारापाशीं उभी राहून प्रवाशांस बाहेर काढीत राहिली, आणि एका अपंग प्रवाशासाठीं आंत गेली ती परत आली नाहीं. तिला मरणोत्तर 'जॉर्ज क्रॉस' देण्यांत आला. भेग तीच, आग तीच, परतणेंहि तेंच. मुंबईंत सारे गेले आणि लंडनांत बहुतेक सारे वांचले. अंतर पडलें तें सुकाणें शेवटपर्यंत हातांत राहिलीं यामुळें.

तरीहि लंडनच्या चौकशींत एक गोष्ट उघडकीस आलीच. त्या गडबडींत इंजिनाचें इंधन तोडणारी मूठ ओढावयाची राहून गेली होती, व इंधन आगीला मिळतच राहिलें होतें. इंजिनाला आग लागल्यास करावयाच्या कृतींची यादी एक आणि इंजिन फुटल्यास करावयाच्या कृतींची यादी दुसरी अशी पद्धति होती. एक यादी करीत असतां दुसरी समोर ठाकली म्हणजे मनुष्याच्या हातून एखादी पायरी सुटावी यांत नवल नाहीं. पुढें त्या कंपनीनें दोन्हीं याद्या एक केल्या. हा बदल कागदावर क्षुल्लक दिसतो. पण आकाशांतील आणीबाणींत चालकापाशीं विचाराला वेळ नसतो. तेथें जो विचार व्हावयाचा तो आधींच जमिनीवर, शांतपणें, कोणी तरी करून ठेवलेला असावा लागतो.

सुकाणें गेलीं म्हणजे काय होतें, हें कॅरव्हेलच्याच आणखी एका कथेंत दिसतें. ता. ४ सप्टेंबर १९६३ रोजीं स्वित्झर्लंडमध्यें स्विसएअरचें कॅरव्हेल विमान झुरिकहून जिनिव्हाकडे निघालें. दाट धुकें होतें; तें हटवावें म्हणून विमान इंजिनांचा जोर लावून व ब्रेक दाबून धावपट्टीवर फिरविण्यांत आलें. ब्रेक तापले, आणि उड्डाणानंतर चाकांच्या जागीं आग लागून तेलाच्या दाबाची योजना नष्ट झाली. विमान ताब्याबाहेर जाऊन कोसळलें व सर्व ८० माणसें मेलीं. त्यांपैकीं ४३ जण हुमलिकोन या एकाच शेतकरी खेड्यांतील होते. गांवच्या लोकसंख्येचा सुमारें पांचवा हिस्सा एका सकाळीं नाहींसा झाला. किती मुलें आई-बापांवांचून राहिलीं आणि किती शेतें धन्यांवांचून पडलीं, याची कल्पना ज्यांनीं आपलीं खेडीं जवळून पाहिलीं आहेत त्यांस सांगावयास नको. आगीचें मूळ मुंबईंत इंजिनांत होतें आणि येथें चाकांत होतें. पण दोन्हींकडे प्राणघात झाला तो विमानाच्या शिरांतील तेल गेल्यामुळें.

तेव्हां या इतिहासानें विमान बांधणारांपुढें दोन कामें टाकलीं. पहिलें काम भेग आधीं शोधण्याचें. मातीचें मडकें घेतांना गृहिणी तें बोटानें वाजवून पाहते. गाडी स्थानकांत उभी राहिली म्हणजे रेल्वेचा कामगार लांब दांड्याच्या हातोडीनें चाकें ठोकीत जाई, व बद्द आवाज आला तर थांबे. इंजिनाच्या तबकडीची परीक्षा हें त्याच विद्येचें पुढचें पाऊल आहे. मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा सूक्ष्म ध्वनि धातूंत सोडून त्याचा प्रतिध्वनि पाहतात. अंधारांत चमकणारें द्रव्य लावून तें बारीक भेगेंत शिरतें कीं काय हें खास दिव्याखालीं तपासतात. विजेचे प्रवाह फिरवून धातूंतील खंड हुडकतात. शिवाय, तबकडी कितीहि निर्दोष दिसली तरी ठराविक उड्डाणांनंतर ती काढून टाकावयाची, असा आयुष्याचा हिशोब प्रत्येक तबकडीस घालून दिलेला असतो. दुसरें काम याहून नम्रतेचें आहे. भेग शोधूनहि एखादी नजरेंतून सुटेलच, असें गृहीत धरून, तबकडी फुटली तरी सुकाणें एकदम सारीं जाणार नाहींत अशी रचना करणें, हें तें काम होय.

या दुसऱ्या कामाची निकड जगाला १९८९ सालीं पुन्हां पटली. ता. १९ जुलै रोजीं अमेरिकेंत युनायटेड कंपनीच्या डीसी-१० विमानाच्या शेपटांतील इंजिनाची पुढची मोठी तबकडी फुटली. टायटॅनियम धातु ओततांनाच त्यांत राहिलेल्या एका सूक्ष्म दोषापासून भेग वाढत गेली होती, आणि तपासणींत ती हातीं लागली नव्हती. तुकड्यांनीं तेलाच्या तिन्हीं स्वतंत्र योजना एका झटक्यांत कापल्या. कप्तान हेन्स व त्यांचे सहकारी यांनीं उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करून विमान सू सिटीच्या तळापर्यंत आणलें. २९६ पैकीं १८४ माणसें वांचलीं. सुकाणाविना विमानांत इतके वांचणें हें असामान्य मानण्यांत आलें. त्यानंतर अशी सोय करण्यांत आली कीं, एका ठिकाणीं नळी तुटली तरी सारें तेल वाहून जाऊं नये. ता. ४ नोव्हेंबर २०१० रोजीं सिंगापूरहून निघालेल्या कान्टास कंपनीच्या ए-३८० विमानांत पुन्हां एक तबकडी फुटली. एका तेलाच्या आंखूड नळीस थकव्याची भेग पडून इंजिनांत आग लागली होती. तुकड्यांनीं पंख भेदला, तारा व नळ्या तोडल्या. तरी कांहीं योजना शाबूत राहिल्या, चालकांनीं एकेक बिघाड तपासला, आणि सुमारें दोन तासांनीं विमान परत सिंगापूरला उतरलें. त्यांतील ४६९ माणसांपैकीं कोणासहि इजा झाली नाहीं. मुंबईच्या परतीच्या आणि या परतीच्या मध्यें चौतीस वर्षांचें शिक्षण उभें आहे.

असो. या कथेंतील एका आंकड्यानें अलीकडे लोकांच्या मनांत वेगळीच शंका उत्पन्न केली. ता. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादहून लंडनकडे निघालेलें एअर इंडियाचें बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटांतच कोसळलें. त्यास परत फिरण्याचाहि अवकाश मिळाला नाहीं; विमानांतील २४२ पैकीं २४१ व जमिनीवरील १९ माणसें प्राणांस मुकलीं. त्याहि उड्डाणाचा क्रमांक १७१ होता, आणि पुढें कंपनीनें तो क्रमांक त्या मार्गावरून काढून टाकला. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्या भावनेचा आदर म्हणून हें योग्यच झालें. पण क्रमांकांत अपशकुन शोधणें म्हणजे घोड्याच्या अंगावरचा भोवरा पाहून त्याच्या पायांतील दुखणें ओळखूं म्हणण्यासारखें आहे. अपशकुन मानला कीं शोध थांबतो. 'नशीब' म्हटलें कीं चौकशीची वही मिटते. १९७६ च्या अपघातांतील गोम क्रमांकांत नव्हती, तारखेंत नव्हती, प्रवाशांच्या पत्रिकेंतहि नव्हती. ती दहाव्या टप्प्याच्या तबकडींत होती. हात लावतां येईल, मोजतां येईल आणि वेळीं पाहिली तर काढून टाकतां येईल अशी होती.

चौकशीचा उपयोग नेमका येथें आहे. अपघातानंतर जळक्या लोखंडाच्या ढिगाऱ्यांतून एकेक तुकडा वेंचून, त्याच्या फुटलेल्या कडेवर भेगेच्या वाढीच्या सूक्ष्म रेघा वाचणें, हें काम शोकाच्या दिवसांत कठोर वाटतें. मेलेल्यांस त्यानें परत आणतां येत नाहीं. परंतु त्या रेघा वाचल्या गेल्या म्हणूनच पुढच्या तबकड्यांचे हिशोब बदलले, याद्या बदलल्या, नळ्यांच्या वाटा बदलल्या. जेथें चौकशी अर्धवट राहते किंवा सारा दोष मेलेल्या चालकावर टाकून लोक मोकळे होतात, तेथें तीच भेग दुसऱ्या इंजिनांत निर्वेध वाढत राहते.

आज रात्रीं कोणत्याहि मोठ्या विमानतळाच्या कार्यशाळेंत कोणी तरी तंत्रज्ञ उघड्या इंजिनाशीं दिवा धरून उभा असतो. उद्यां त्या विमानांत कोण बसणार हें त्यास ठाऊक नसतें, आणि बसणारांस त्याचें नांव कधीं कळत नाहीं. यात्रेच्या बाजारांत जी परीक्षा धनी स्वतः करीत असे, ती येथें एक अनोळखी मनुष्य शेंकडों अनोळखी माणसांसाठीं करतो. त्याला पुरेसा वेळ मिळावा, संशय आल्यास 'हें विमान उद्यां निघणार नाहीं' असें म्हणण्याची त्यास मोकळीक असावी, आणि तसें म्हटल्याबद्दल कोणी त्याच्यावर रागावूं नये. उशीर झालेल्या विमानाची वाट पाहत बसलेल्या प्रवाशानें ही गोष्ट ध्यानीं ठेवली, तर ता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं गेलेल्या ९५ जणांच्या मरणापासून त्यानेंहि कांहीं घेतलें, असें म्हणतां येईल.